गुदाशयाच्या कॅन्सरसाठी रोबोटिक सर्जरी: पैसे कुठे कामी येतात आणि कुठे नाही

मी महापालिकेच्या रुग्णालयात ओटी सिस्टर होते. जवळजवळ सगळी नोकरी जनरल सर्जरीच्या थिएटरात गेली. २०२४ च्या दसऱ्यानंतर माझ्या यजमानांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन रोबोटने झालं, मध्य मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात. तेव्हापासून चाळीतले, नात्यातले, ओळखीच्यांच्या ओळखीचे असे कितीतरी फोन येतात. प्रश्न एकच असतो: "सिस्टर, रोबोटने करायचं का? पैसे बरेच जास्त सांगतायत." दर वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हे लिहिते आहे. रुग्णालयाचं नाव देत नाही, कारण मला खटकलेल्या गोष्टी एकाच ठिकाणच्या नाहीत. फोन करणाऱ्यांनी त्याच गोष्टी दुसऱ्या रुग्णालयांबद्दलही सांगितल्या आहेत.

माझं मत आधीच सांगते. गाठ गुदाशयात खाली असेल, रुग्ण पुरुष असेल किंवा अंगाने जाड असेल, आणि सर्जनचा रोबोटवर चांगला हात बसलेला असेल, तर जास्तीचे पैसे योग्य जागी जातात. गाठ वर, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला असेल तर रोबोटसाठी दागिने मोडू नका. तिथे चांगल्या हातचं लॅपरोस्कोपिक, म्हणजे छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने केलेलं, ऑपरेशन पुरतं. आणि दोन्ही वेळा ऑपरेशननंतरच्या वर्षभराची तयारी आधी करा. त्या वर्षात मशीन काही मदत करत नाही.

रोबोट कशासाठी हे कळायला आधी ती जागा कळली पाहिजे. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण १५ सेंटिमीटरचा भाग. तो कमरेच्या हाडांच्या खोबणीत बसलेला असतो. मागे माकडहाड आणि त्याच्या वरचं रुंद हाड, पुढे पुरुषांमध्ये मूत्राशय आणि प्रोस्टेट, दोन्ही बाजूंना पुन्हा हाडच. पुरुषांची ही खोबण बायकांपेक्षा अरुंद. तिच्या तळाशी काम करणं म्हणजे लोणच्याच्या अरुंद तोंडाच्या बरणीत हात घालून तळाशी सुरी चालवणं. बरं, नुसती नळी कापून भागत नाही. गुदाशयाभोवती चरबीचं एक आवरण असतं, त्यात लसीकाग्रंथी असतात, आणि ते आवरण कुठेही न फाटता अख्खं बाहेर यावं लागतं. बिल हील्ड या ब्रिटिश सर्जनने १९८२ मध्ये हे मांडलं. टोटल मेसोरेक्टल एक्सिजन असं त्याचं नाव, थिएटरात सगळे टीएमई म्हणतात. आवरण आणि भोवतालची भिंत यांच्यामध्ये एक पातळ, जवळजवळ बिनरक्ताचा थर असतो. सर्जन त्या थरातून चालला तर कॅन्सर तिथे पुन्हा उगवण्याची शक्यता पुष्कळ कमी होते आणि लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा वाचतात. हात थोडा आत गेला की आवरण फाटतं. थोडा बाहेर गेला की नसा दुखावतात, नाहीतर मागच्या हाडावरच्या शिरांना धक्का लागतो. त्या शिरांचं रक्त थांबवण्यासाठी पॅकवर पॅक दाबून धरताना सगळं थिएटर गप्प झालेलं मी पाहिलं आहे.

ओपन, म्हणजे पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात हे काम सेंट मार्क्स रिट्रॅक्टर लावून व्हायचं. लांब, वाकडं, जड पातं. ज्युनिअर रेसिडेंट ते ओढून धरून उभा असायचा, तासन् तास. त्याचा हात भरून आला की पातं सरकायचं आणि सर्जनचा आवाज चढायचा. आत काय चाललंय ते दिसायचं एकट्या सर्जनला, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात. मी समोर उभी असायचे तरी मला दिसायचा फक्त काळोख. सर्जनने हात पुढे केला की काय हवं ते त्याच्या मनगटाच्या वळणावरून ओळखायचं. त्या काळातही उत्तम ऑपरेशनं झाली, ती करणाऱ्या हातांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण ऑपरेशन चांगलं होऊनही पुढे लघवी अडलेली, कॅथेटर निघत नसलेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. पुरुषपणाबद्दल तर कोणी तोंडच उघडत नसे. बायको दाराशी उभी राहून मला हळूच विचारायची, "सिस्टर, हे असंच राहणार का?"

लॅपरोस्कोपी आली तेव्हा चित्र पडद्यावर आलं आणि सगळ्यांना दिसू लागलं. पण उपकरणं सरळ दांड्याची, पुढे मनगट नाही. खाली खोलात गेलं की दोन दांडे एकमेकांवर आपटतात आणि कॅमेरा धरणारा दमला की चित्र हलतं. रोबोटने नेमकी ही अडचण सोडवली. आमच्याकडे वापरलेलं मशीन दा विंची. अमेरिकेत त्याला २००० साली परवानगी मिळाली. आता आपल्याकडे ह्यूगो, व्हर्सिअस आणि गुरुग्राममध्ये तयार झालेलं एसएसआय मंत्रा हीसुद्धा मशिनं आली आहेत. पेशंटच्या अंगावर मशीनचे चार हात येतात, प्रत्येकासाठी पोटावर साधारण ८ मिलिमीटरचं छिद्र. उपकरणाच्या टोकाला मनगट असतं आणि ते आपल्या मनगटापेक्षा जास्त वळतं. कॅमेरा रोबोटनेच धरलेला, त्यामुळे चित्र स्थिर. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसतो, दोन डोळ्यांना वेगळं चित्र मिळतं म्हणून खोली कळते, आणि सगळं कितीतरी पट मोठं दिसतं. हाताची थरथर मशीन गाळून टाकतं. मशीन स्वतःच्या मनाने काहीही कापत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना वाटलं होतं की डॉक्टर बटण दाबून चहा प्यायला जातात. त्यांना मी समोर बसवून समजावलं, कारण अशा समजुतीमुळेच माणसं एक तर घाबरतात नाहीतर भुलतात.

एक गोष्ट रोबोटमध्ये कमी आहे आणि ती सांगायला हवी. ओपनमध्ये सर्जनला बोटांनी कळतं, ऊती किती ताणली आहे, गाठ कुठे कडक लागते. सध्या बहुतेक ठिकाणी असलेल्या मशिनांवर हा स्पर्श नाही. सर्जन ताण डोळ्यांनी जोखतो. म्हणून मशीनपेक्षा त्याच्यामागच्या माणसाचा सराव महत्त्वाचा ठरतो.

आता यजमानांचं थोडक्यात. वय ६३, डॉकयार्डातून निवृत्त, राहणार लालबाग. शौचात रक्त दिसलं. कोणीतरी मूळव्याधीचं चूर्ण सुचवलं होतं, ते मी कपाटातच राहू दिलं आणि त्यांना सरळ सर्जनकडे नेलं. हातमोजा घालून बोटाने तपासताच गाठ लागली. गुदद्वारापासून ५ सेंटिमीटरवर. खालच्या गाठी बोटाला लागतात, म्हणून रक्त पडत असेल तर ही दोन मिनिटांची तपासणी टाळू नका आणि डॉक्टरलाही टाळू देऊ नका. मग कोलोनोस्कोपी, बायोप्सी, कमरेचा एमआरआय, सीटी, सीईए ही रक्ततपासणी. आधी पाच आठवडे सोमवार ते शुक्रवार रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या. मग वाट बघून पुन्हा एमआरआय. काही जणांची गाठ या उपचारानेच पूर्ण विरघळते आणि मग काटेकोर तपासण्या ठेवून ऑपरेशन न करताही थांबता येतं. आमची लहान झाली होती, पण गेली नव्हती.

सर्जनची निवड करताना मी जे विचारलं ते इथे लिहिते, कारण लोकांना वाटतं की असे प्रश्न विचारले तर डॉक्टर रागावतील. चांगला डॉक्टर रागावत नाही. गुदाशयाच्या किती केसेस तुम्ही रोबोटवर स्वतः केल्या आहेत? प्रोस्टेटच्या किंवा गर्भाशयाच्या नाही, गुदाशयाच्या. तुम्ही कन्सोलवर असताना पेशंटजवळ कोण उभं असतं? मधेच ओपन करावं लागलं असं किती वेळा होतं? आणि माझा खास प्रश्न, ओपन ऑपरेशनच्या हत्यारांची ट्रे उघडून तयार असते की सीएसएसडीतून, म्हणजे निर्जंतुकीकरणाच्या विभागातून, मागवावी लागते? हा शेवटचा प्रश्न ऐकून डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, "सिस्टर, ट्रे खोलीतच असते. आणि बेडसाइडचा असिस्टंट माझ्याबरोबर कायमचा आहे. मी चार फुटांवर बसलेला असतो, रक्त आलं तर पहिला हात त्याचा लागतो." मला तिथेच विश्वास वाटला. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला डॉक्टर भेटण्याआधी पॅकेज सांगणारी मुलगी भेटली होती, हातात रोबोटच्या फोटोचं माहितीपत्रक घेऊन. रिपोर्ट तिने पाहिलेही नव्हते. गाठ किती खाली आहे हे ठाऊक नसताना रोबोट लागेल हे कसं ठरलं, असं मी विचारलं आणि आम्ही उठलो.

पुरावा काय, हे मुलाने विचारलं. त्याला सगळं कागदावर लागतं. डॉक्टरांनी दोन अभ्यास सांगितले, नंतर मुलाने ते शोधून मलाही वाचून दाखवले. पहिला रोलार, २०१७ साली प्रसिद्ध झालेला, १० देशांतले ४७१ रुग्ण. त्यात लॅपरोस्कोपी करताना १२.२ टक्के जणांना मधेच ओपन करावं लागलं, रोबोटमध्ये ८.१ टक्के जणांना. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. त्या अभ्यासातल्या बऱ्याच सर्जनचा रोबोटवरचा सराव लॅपरोस्कोपीच्या मानाने कमी होता, हेही लक्षात ठेवावं लागतं. दुसरा चीनमधल्या ११ रुग्णालयांचा रिअल नावाचा अभ्यास, मधल्या आणि खालच्या गुदाशयाच्या हजाराहून जास्त रुग्णांचा. त्यात दोन्हीकडे अनुभवी सर्जन होते. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला आढळणं रोबोटमध्ये ४ टक्के, लॅपरोस्कोपीत ७.२ टक्के. आमच्या ऑपरेशनच्या वेळी एवढंच हाती होतं. २०२५ मध्ये त्याच अभ्यासाचे तीन वर्षांचे आकडे आले: तिथेच पुन्हा कॅन्सर उगवण्याचं प्रमाण रोबोटमध्ये १.६ टक्के, लॅपरोस्कोपीत ४ टक्के. यावरून मला जे दिसतं ते असं की सरावलेला सर्जन आणि खालची गाठ या दोन्ही गोष्टी असतील तेव्हा फरक पडतो. यातली एक जरी नसली तर फक्त बिल वाढतं.

बिलाबद्दल मोकळेपणाने लिहायला हवं. आम्हाला मिळालेल्या अंदाजपत्रकात ओटी, ॲनेस्थेशिया, खोली, स्टेपलर यांच्या जोडीला "रोबोटिक चार्जेस" अशी वेगळी ओळ होती आणि तिच्यामुळेच रक्कम लॅपरोस्कोपीपेक्षा दोन लाखांच्या आसपास वर गेली. यामागे खरा खर्च आहे हे मी मान्य करते. या मशीनची उपकरणं ठरावीक वेळा वापरली की मशीन ती पुन्हा स्वीकारतच नाही, टोक कितीही धारदार असलं तरी. रोबोटच्या हातांवर घालायची निर्जंतुक आवरणं दर केसला नवी. पण एवढी मोठी रक्कम एका ओळीत लिहून दिली की तिच्यात काय काय आलं ते आपल्याला समजत नाही. मी फोड मागितली. आधी "सिस्टिममध्ये तशी निघत नाही" असं उत्तर मिळालं, लेखी अर्ज दिल्यावर निघाली.

विम्याचं तर प्रत्येकाने आधीच वाचून ठेवावं. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची एक यादी काढली, रोबोटिक सर्जरी तिच्यात आहे, त्यामुळे कंपनीला ती सरसकट नाकारता येत नाही. मात्र मर्यादा घालता येते. मुलाच्या कंपनीच्या पॉलिसीत आम्ही दोघं होतो, रक्कम पाच लाख, आणि रोबोटिकला निम्मीच लागू. काउंटरवरच्या कोणीही हे आपणहून सांगितलं नाही. मुलाने पॉलिसीची सगळी पानं वाचली म्हणून ॲडमिट होण्याआधी कळलं आणि यजमानांच्या पीएफच्या ठेवीतून पैसे वेळेत काढता आले. ज्यांना एवढं शक्य नाही त्यांनी हातपाय गाळू नयेत. परळच्या टाटा मेमोरियलमध्येही रोबोटिक सर्जरी होते, आणि तिथे किंवा पालिकेच्या रुग्णालयात अनुभवी हाताने झालेलं लॅपरोस्कोपिक किंवा ओपन टीएमई हे पूर्ण, योग्य उपचार आहेत. रोबोटसाठी पैसे जमवत ऑपरेशन लांबवणं मला अजिबात मान्य नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी स्टोमा नर्स आली. स्टोमा म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, त्यावर मळ गोळा करायची पिशवी लावतात. तिने यजमानांना उभं केलं, बसवलं, वाकवलं, पॅन्ट कुठे बांधता ते विचारलं आणि पोटावर मार्करने खूण केली. पोटाच्या वळीत स्टोमा आला तर पिशवी गळत राहते, म्हणून ही खूण. त्या रुग्णालयात मला सर्वांत जास्त आवडलेली व्यक्ती ती होती. तिने वीस मिनिटं दिली आणि एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

सकाळी साडेसातला त्यांना आत नेलं. "अगं, तू आत येणार नाहीस?" त्यांनी विचारलं. "अहो, मला आता तिथे कोण घेणार," मी म्हणाले आणि दाराबाहेर बसले. आत काय चाललं असेल ते मला पायरीपायरीने ठाऊक होतं. पाय स्टिरपमध्ये, पोटात कार्बन डायऑक्साइड, टेबल डोक्याकडे उतरतं, आतडी छातीकडे सरकतात, मग मशीन जवळ आणून हात जोडायचे. या जोडणीलाच वेळ लागतो. सगळं मिळून पाच तासांहून जास्त गेले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी सांगितलं की आवरण अख्खं निघालं, दोन्ही बाजूंच्या नसा दिसल्या आणि जपल्या. आतड्याच्या दोन टोकांना जोड देण्याआधी शिरेतून हिरवा रंग देऊन कॅमेऱ्याने आतड्याच्या टोकाला रक्त नीट पोचतंय हे तपासलं. काढलेला भाग खालच्या पोटावरच्या छोट्या आडव्या छेदातून बाहेर घेतला. त्यांनी मला फोनवर तो भाग दाखवला. गुळगुळीत, चकचकीत, कुठेही ओरखडा नाही. हे चित्र पाहून काय वाटलं ते माझ्यासोबत काम केलेल्या कोणत्याही सिस्टरला सांगावं लागणार नाही.

यजमान शुद्धीवर आले तेव्हा चेहरा सुजलेला होता, डोळ्यांखाली फुगवटा. डोकं खाली ठेवून इतका वेळ झोपवल्यामुळे हे होतं, एका दिवसात उतरतं. मुलगा घाबरला, कारण त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पोटापेक्षा खांदा दुखतो अशी त्यांची तक्रार होती, तीही पोटात भरलेल्या गॅसमुळे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवलं. पायांत मोजे, हातात स्पायरोमीटर, चघळायला च्युइंग गम, कारण त्याने आतडी लवकर हलू लागतात. ओपनच्या काळात माझे पेशंट नाकात नळी घालून चार-चार दिवस पडून असायचे. इथे दुसऱ्या दिवशी पेज सुरू. कॅथेटर काढल्यावर लघवी आपणहून झाली तेव्हा मी देव्हाऱ्यातल्या गणपतीला मनातून हात जोडले. मला याचीच जास्त भीती होती. दुसऱ्या, पुरुषपणाच्या प्रश्नाबद्दलही डॉक्टरांनी आधीच दोघांना एकत्र बसवून सरळ शब्दांत सांगितलं होतं: कार्य कमी होऊ शकतं, परत यायला काही महिने लागतात, औषधं आहेत, लाजू नका. प्रत्येक सर्जनने असं बोलावं आणि बोलला नाही तर बायकांनी विचारावं. आता दाराशी उभं राहून कुजबुजायचं कारण नाही.

इथपर्यंत रोबोटला मी मनापासून चांगलं म्हणेन. पण जोड फुटण्याचा धोका त्याने संपत नाही. खालचा जोड, त्यात आधी रेडिएशन झालेलं, म्हणजे धोका जास्तच. म्हणून जोड भरेपर्यंत लहान आतडं पोटावर काढून ठेवतात, आयलिओस्टोमी. माहितीपत्रकात याचा उल्लेख शेवटच्या पानावर एका ओळीत होता. आमच्या घरात ती ओळ सात महिने चालली, कारण मधे केमो पूर्ण करायची होती.

आयलिओस्टोमीतून पातळ पाणी येतं, दिवसभर. त्यासोबत मीठही जातं. चैत्रातल्या मुंबईत घामाने आधीच माणूस सुकतो, त्यात हे. आम्ही मोजमापाचं भांडं ठेवलं आणि दिवसाचा आकडा कॅलेंडरवर लिहायला लागलो. दीड लिटरच्या वर गेलं की डॉक्टरांना फोन, हा नियम. नुसतं पाणी पीत राहिल्याने उलट जास्त बाहेर पडतं. ओआरएस लागतं, साबुदाण्याची खीर, मऊ भात, केळं यांनी घट्टपणा येतो, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास लोपेरामाइड ही जुलाब कमी करणारी गोळी. बेसप्लेट, म्हणजे पिशवी धरणारी पोटावर चिकटवायची चकती, स्टोमाच्या मापाने दोन-तीन मिलिमीटर मोठी कापायची. जास्त मोठी कापली की त्वचा सोलवटते. पहिल्या महिन्यात स्टोमा आकसतो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यायचं. मी आयुष्यभर थिएटरात काम केलेली बाई, तरी पहिली पिशवी बदलताना स्टोमा नर्सला व्हिडिओ कॉल लावला आणि तिने उचलला. डिस्चार्जच्या कागदावर मात्र तिचा नंबर नव्हता, मी वहीत लिहून घेतला होता. पिशव्या आणि बेसप्लेट यांचा महिन्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो आणि आमच्या विम्याने तो दिला नाही. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, स्टोमा असलेल्या माणसांसाठीच काम करणारी. अशा ठिकाणी स्वतः पिशवी लावून हिंडणारा दुसरा माणूस भेटणं याला कुठलंही औषध पुरं पडत नाही. यजमान अशाच एका गृहस्थांशी बोलून आले आणि त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवले.

स्टोमा बंद करायचं ऑपरेशन लहान, पण त्यानंतरचा काळ सर्वांत कठीण. गुदाशय हे साठवणीचं ठिकाण, ते गेलं. मग दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं, एकदा जाऊन आलं की पाच मिनिटांत पुन्हा, आणि कळ आली की थांबवता येत नाही. डॉक्टर त्याला लार्स म्हणतात. आम्ही चाळीत राहतो. संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्यावरच्या सगळ्यांसाठी. सकाळी सहा ते आठ रांग. मशीनच्या जाहिरातीत या गॅलरीचा विचार कोणी केलेला नसतो, पण मुंबईतल्या हजारो घरांची स्थिती हीच आहे. आम्ही खोलीतल्या मोरीत पडदा लावून कमोडची खुर्ची ठेवली. शेजाऱ्यांना मी स्वतः सांगितलं, लपवलं नाही, आणि त्यानंतर आमच्या मजल्यावरच्या पोरांनीही यजमानांना रांगेत कधी उभं राहू दिलं नाही. लोकलमध्ये संडास नसतो, त्यामुळे कित्येक महिने ते भांडुपला मुलीकडे गेले नाहीत. मुलगी नातवंडांना घेऊन इकडे यायची. गुदद्वाराच्या स्नायूंचे व्यायाम, वेळेवर जेवण, इसबगोल, गरजेपुरतं औषध यांनी हळूहळू फरक पडला. आता चार-पाच वेळा होतं आणि बहुतेक सकाळी. गेल्या महिन्यात ते एकटे भांडुपला जाऊन आले.

माझी तक्रार इथेच आहे. रोबोटवर एवढा खर्च करणाऱ्या रुग्णालयात स्टोमा नर्स एकच, आणि लार्ससाठी फिजिओथेरपिस्ट हवी म्हणून मला तीन विभागांत विचारत हिंडावं लागलं. हे सगळं पॅकेजमध्येच असायला हवं. कोणी पॅकेज सांगायला आलं तर विचारा की स्टोमा नर्सच्या भेटी किती, घरी गेल्यावर फोन कोण उचलणार, स्टोमा बंद झाल्यावर व्यायाम कोण शिकवणार. उत्तर नसेल तर त्या रोबोटचे पैसे देण्याआधी दुसरं रुग्णालय बघा.

पॅथॉलॉजीचा रिपोर्ट चांगला आला. कडा मोकळ्या, आवरण पूर्ण, तपासलेल्या ग्रंथी १६. निदान १२ तपासाव्या असा संकेत आहे, हा आकडा तुमच्या रिपोर्टवर नक्की बघा. आता दर तीन महिन्यांनी सीईए आणि तपासणी, ठरल्या वेळी सीटी. आजवर सगळं ठीक आहे.

घरच्यांच्या तपासणीचंही लिहून ठेवते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या १० वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी असा सल्ला दिला जातो. मुलगा पुढच्या वर्षी चाळिशीचा होईल, त्याची वेळ मी आत्ताच घेऊन ठेवली आहे. धाकट्या दिरांना मी दिवाळीनंतर नेलं. ते तयार नव्हते, जाऊबाईंनी आणि मी मिळून नेलं. त्यांच्या आतड्यात एक पॉलिप निघाला. तो त्याच वेळी दुर्बिणीतूनच काढला, दुपारी ते घरी येऊन वरणभात जेवले आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता.